रजिस्टर सतरा-अ

पहाटे साडेपाचला धनकवडीच्या शाळेत
पन्नास खोटी मतं टाकून पाहिली, पुसली.
मला दोन नंबरचं टेबल :
रजिस्टरात सही घ्यायची, बोटाला शाई लावायची.
एरवी मी मनपाच्या प्रसूतिगृहात सिस्टर.
बोटं धरायची सवय आहे.

अकराच्या सुमारास ती आली.
बोकील सरांनी तिचं नाव मोठ्यानं वाचलं,
अनुक्रमांकासह. एजंटांनी यादीत खुणा केल्या.
तसा नियमच आहे.
मी ते नाव इथे लिहीत नाही.
तोही नियमच आहे.

आमच्याकडे ती दुसऱ्या एका रजिस्टरात आहे,
कुलपात. चावी माझ्या पर्समध्ये, आत्ताही.
नऊ आठवडे. आधीच्या दोन मुली.
दोन मुली म्हटल्यावर नव्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
नवव्या आठवड्यात कुणाला काय कळतं?
तरी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं
– येथे गर्भलिंग निदान केले जात नाही –
आणि म्हणाले, नवऱ्याला घेऊन या.

नवऱ्याची सही कायद्यात नाही.
ड्रॉवरमध्ये आहे.
कुणी कधी टाइप केलेला फॉर्म,
त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स.
तीन खेपा झाल्या तिच्या, तीन खाडे.
तिसऱ्यांदा मी तो गठ्ठा डब्याखाली दाबून ठेवला
आणि म्हटलं, फॉर्म संपलेत सर.

महिनाभर आमच्या फाटकावरून भाऊंची रिक्षा गेली :
टँकर, कात्रज चौक, टँकर.
हळदीकुंकवाला प्रत्येकीला कुकर, दोन बस उज्जैनला.
समोरच्या ताई म्हणाल्या महिला सुरक्षा,
म्हणजे सीसीटीव्ही.
दोघांचे वचननामे मी नाइटला वाचून काढले.
गर्भ हा शब्द एकदाच सापडला,
संस्कृतीच्या पानावर : गर्भसंस्कार केंद्र, वातानुकूलित.

मी मनातल्या मनात
हा मुद्दा एकदा रिक्षावर चढवून पाहिला.
भोंगा सुरू झाला. चौकात फ्लेक्स लागला,
त्यावर झोपलेलं बाळ, खाली शुभेच्छुकांचे गॉगल.
अमृततुल्यावर पोरं वाद घालायला लागली
की कितव्या आठवड्यात जीव येतो.
आमच्या फाटकावर कॅमेरे,
आणि ती, ओढणी तोंडावर, रांगेत.
नको गं बाई, म्हटलं. उतरवला.

मग गोळ्यांचं इंडेंट आठवलं.
एप्रिलपासून तीनदा पाठवलेलं, तीनदा परत : उपलब्ध नाही.
मेडिकलवाले ठेवत नाहीत,
कोण लफडी मागे लावून घेणार.
कुणाला तरी जाब विचारायला हवा ना?
पुन्हा चढवला.

महिनाभर माझं हेच चाललंय.
मत गुप्त असावं, मुद्दा चव्हाट्यावर,
असं नागरिकशास्त्रात होतं बहुतेक.
इथे मुद्दाच गुप्त.

तिनं डावा हात पुढे केला.
ओळख दिली नाही. मीही नाही.
बोट तेव्हासारखंच गार.
नखावरून कातडीपर्यंत रेघ ओढली,
तेवढ्यात खाली बघत हळूच म्हणाली,
सिस्टर, तो फॉर्म आहे का अजून?

कुठला फॉर्म? बोकील सरांनी मान वर केली,
एक एजंटही बघायला लागला.
मी म्हटलं, सही इथे करा.

तिनं केली, सावकाश, पूर्ण नावानिशी.
मधलं नाव नवऱ्याचं.

मग पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेली.
खूप वेळ बीप वाजला नाही.
मागे रांग कुरकुरायला लागली.
बोकील सर म्हणाले, यादी मोठी आहे,
हवं ते सापडत नसेल.

नसेल, मी म्हटलं,
आणि शाईच्या बाटलीला टोपण लावलं,
वाळू नये म्हणून.